कुटुंब निवृत्तिवेतन, मुलांचे (बंगळुरू)
सेवेत वा निवृत्तीनंतर मृत्यू पावलेल्या पोलीस वा अग्निशमन कर्मचाऱ्याच्या मुलांना मिळणारे मासिक निवृत्तिवेतन. बंगळुरू शहर पोलिसांना कर्नाटकचे राज्य नियम लागू आहेत. १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेले नव्या निवृत्तिवेतन योजनेत येतात. येलहंक्याचे सीआरपीएफ व विमानतळावरचे सीआयएसएफ जवान केंद्राच्या अखत्यारीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिला हक्क पती वा पत्नीचा. त्यांचा मृत्यू वा पुनर्विवाह झाला, की मुलांचा. थोरल्यापासून क्रमाने, पण जुळ्यांना समान वाटून. वयाची पंचविशी, विवाह किंवा स्वतःची कमाई, यांपैकी जे आधी घडेल तिथे मुलग्याचा हक्क संपतो; अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलीला तो पंचविशीनंतरही मिळू शकतो. कमाई करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला मात्र तहहयात. नियमांतली ही सर्वांत मोलाची तरतूद. अज्ञान मुलाची रक्कम पालकामार्फत मिळते.