टाकळी, जिल्हा एलिचपूर

आमच्या पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद १९०० सालची आहे. नोंदवहीची भाषा लॅटिन आहे, अक्षर कोणा युरोपियन धर्मगुरूचे आहे आणि शाई आता तपकिरी पडली आहे. वय अंदाजे आठ वर्षे. आईबापांच्या रकान्यात ते ख्रिस्ती नव्हते एवढाच शेरा. गावाच्या रकान्यात तीन शब्द : टाकळी, जिल्हा एलिचपूर. आमच्या घराण्याचा लेखी इतिहास या तीन शब्दांपासून सुरू होतो. कित्येक वर्षे तो तेथेच संपतही होता.

वऱ्हाडातील अनेक कॅथलिक कुटुंबांची स्थिती याहून निराळी नाही. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडची खेडी पार खचून गेली. मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांपैकी पुष्कळांना गावाच्या नावापलीकडे काही सांगता आले नाही. ते नावही मुलाने वऱ्हाडी उच्चारात सांगायचे, परदेशी धर्मगुरूने कानाला लागेल तसे लिहायचे आणि पुढे कोणी कारकुनाने त्याची नक्कल करायची. त्या काळी वऱ्हाड नागपूर धर्मप्रांतात मोडत असे. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ साली झाला. त्यामुळे जुन्या नोंदींचा माग काढणाऱ्याला कधी एका धर्मग्रामात, तर कधी दुसऱ्याच शहरात जावे लागते.

घरात सांगितले जाई ते इतकेच : पणजोबा अनाथ होते, दुष्काळात त्यांचे सगळे माणूस गेले, आपल्याला मागे कोणी नाही. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले होते, की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

माझ्या वडिलांना मात्र गाव पाहण्याची फार इच्छा होती. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी अचलपूर गाठले, आसपासच्या टाकळ्या धुंडाळल्या, चावडीवर, पारावर, म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ चौकशी केली. आमच्या आडनावाचे घर कोठेच निघाले नाही. दोन-तीन उन्हाळे असे गेल्यावर त्यांनी तो नाद सोडला, आणि पणजोबांनी लहानपणी गावाचे नाव चुकीचे सांगितले असावे असे ठरवून टाकले. चूक पणजोबांची नव्हती. आमच्यापैकी कोणी जुना नकाशा उघडून पाहिला नव्हता, एवढेच.

एलिचपूर हे केवळ शहराचे नाव नव्हते, तो एक पुरता जिल्हा होता. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे त्याचे सहा जिल्हे झाले : अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि वणी. वणी जिल्ह्याचे नाव पुढे यवतमाळ झाले. एलिचपूर जिल्ह्यात तीन तालुके होते : एलिचपूर, मेळघाट आणि दर्यापूर. १९०५ मध्ये फेररचना होऊन सहाचे चार जिल्हे उरले आणि एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. त्याच फेररचनेत मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून निघून अकोल्याला जोडला गेला. म्हणजे १९०० साली ज्याने ‘जिल्हा एलिचपूर’ असे लिहिले, त्याच्या मनात अचलपूरपासून पन्नास किलोमीटरवरचे, पूर्णेच्या काठचे खेडेही असू शकत होते. माझे वडील उत्तरेला शोधत राहिले आणि गाव दक्षिणेला होते.

या घोळाचे सर्वांना परिचित उदाहरण द्यायचे तर संत गाडगेबाबांचे देता येईल. त्यांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. कोणी त्या गावाचा तालुका दर्यापूर लिहितो, तर कोणी अंजनगाव सुर्जी. दोघांचेही बरोबर आहे. अंजनगावचा सारा भाग पूर्वी दर्यापूर तालुक्यातच होता, तालुका पुढे वेगळा झाला. बाबांचे बालपण गेले ते मामांचे दापुरे आज अकोला जिल्ह्यात आहे, पण बाबांच्या तरुणपणी ते मूर्तिजापूर तालुक्याबरोबर अमरावती जिल्ह्यात होते. गावे जागची हलली नाहीत. त्यांच्यावरून सरहद्दी तेवढ्या फिरल्या. ज्याला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा आहे, त्याने हातातील कागद कोणत्या वर्षीचा आहे ते पाहावे आणि त्या वर्षीच्या सरहद्दी दाखविणारा नकाशा आधी मिळवावा. आजच्या नकाशावर कालचा पत्ता सापडत नाही.

वऱ्हाडचे नकाशे मुख्यतः दोन घराण्यांचे आहेत. पहिले घराणे भारतीय सर्वेक्षण खात्याचे. या खात्याच्या त्रिकोणमितीय मोजणीचा वऱ्हाडशी जुना संबंध आहे. कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेकडे सरकत आलेल्या त्या महान रेखावृत्ताचे एक महत्त्वाचे ठाणे एलिचपूरच्या खोऱ्यातील टाकरखेड्यास होते. या मोजणीचा प्रवर्तक कर्नल लॅम्ब्टन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे वारला आणि त्याची कबर तेथेच आहे. या पायावर पुढे एका इंचास एक मैल या प्रमाणाची पाने तयार झाली. दर्यापूरचे पान ५५ एच या गटात येते. त्यावर नद्या, नाले, विहिरी, गढ्या, देवळे आणि गाडीवाटा दाखविलेल्या असतात. पानाचे वय ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जाणारी अडीच फुटी रूळमार्गाची गाडी, जिला सारा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो, ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. पानावर तो रूळमार्ग नसेल, तर त्याची पाहणी त्यापूर्वीची समजावी. (या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. आता गाडीच थांबली आहे, आणि ती नकाशावरच काय ती धावते.)

दुसरे घराणे महसुली नकाशांचे. आपल्या कामाला ते अधिक जवळचे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी जमीनमोजणीची पद्धत बसविली, तीच १८६० नंतर वऱ्हाडात आली. नागपूरकडे मालगुजारी होती. तेथे गावाच्या कागदावर मालगुजाराचे नाव मोठे. वऱ्हाडात रयतवारी असल्यामुळे प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि प्रत्येक नंबराला खातेदार. तेहतीस फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताचे टिपण काढून त्यांवरून गावाचा नकाशा जोडीत. त्या नकाशावर गावठाण, शिव, पांदण, नाला, शेताशेतांमधले धुरे सारे रेखलेले असते. उजाड झालेली गावेही महसुली दप्तरात स्वतंत्र मौजे म्हणून राहतात. वऱ्हाडात त्यांना रीठ म्हणतात. आपल्या आडनावाचे गाव कोठेच सापडत नसेल, तर ते रीठ झाले आहे का हे अवश्य पाहावे.

हे नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मिळतात. आता त्यांतले बरेचसे संगणकावरही आले आहे. पण एक इशारा : जेथे एकत्रीकरणाची योजना झाली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मागितल्याशिवाय आजोबांचा बावीस नंबर आजच्या बावीस नंबरावर शोधणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात उभे राहून आपल्या पूर्वजांना हाक मारणे होय.

आता आमच्या टाकळीकडे वळतो. टाकळी हे नाव वऱ्हाडात उदंड. दर्यापूर तालुका धरला, तरी प्रश्न सुटत नव्हता. या वेळी कामाला आली ती आजी, म्हणजे पणजोबांची मुलगी. तिने गाव कधी पाहिले नव्हते, परंतु बापाने सांगितलेल्या दोन गोष्टी तिच्या लक्षात होत्या. मी लहान असताना तिच्या तोंडून त्या ऐकल्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसाची बडबड म्हणून सोडून दिल्या होत्या. पहिली अशी : “आमच्या गावचं पानी खारं व्हतं. नदीत झिरा खोदल्याबिगर प्याले पानी भेटे नाही.” दुसरी अशी, की सकाळी उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की डोंगराची निळी रेघ डाव्या हाताला दिसायची, पण त्या डोंगरात गावचे कोणी गेलेले नव्हते.

या दोन वाक्यांत अर्धा नकाशा होता. उगवतीकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला उत्तर दिशा. डोंगर उत्तरेला, म्हणजे तो गाविलगडचा. तो दूर आहे, निळा दिसतो, म्हणजे गाव पायथ्याचे नाही, सपाटीवरचे आहे. आणि पाणी खारे, म्हणजे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यात विहीर खणली तरी खारे पाणी लागते. अकोल्याकडे दहीहंड्याच्या भागात पूर्वी अशा विहिरींच्या पाण्यातून मीठ काढीत. डोंगराच्या पायथ्याशी गोड पाणी लागते. तेव्हा वडिलांनी ज्या टाकळ्या धुंडाळल्या, त्या या एका खुणेवरच बाद होत होत्या.

मग एक इंची पान समोर पसरले आणि खारपाणपट्ट्यातील टाकळ्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. ज्यांच्या शिवारातून झिरे खोदता येतील अशी रेताड पात्राची नदी जाते, तेवढ्या ठेवल्या. दोनच उरल्या.

पुढचे काम नकाशाचे नव्हते. वऱ्हाडात गावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे आणि ती बुके तहसिलीच्या अभिलेख कक्षात जपलेली असतात. जातपडताळणीच्या निमित्ताने हल्ली पुष्कळांना त्यांची ओळख झाली आहे. त्यात माणसाचे नाव ‘अमुक वल्द तमुक’ असे, बापाच्या नावासह लिहिलेले असते. हेच आमच्या उपयोगी पडले. पणजोबांनी स्नानसंस्कारानंतर स्वतःचे नाव बदलले, तरी बापाचे नाव मधल्या जागी आयुष्यभर तसेच ठेवले होते, आणि आडनावही फारसे आढळणारे नव्हते. पहिल्या टाकळीच्या बुकात काही निघाले नाही. दुसऱ्या टाकळीच्या बुकात १९०७ साली एका मुलाच्या जन्माची नोंद होती. मुलाच्या बापाच्या नावापुढे ‘वल्द’ आणि त्यापुढे आमच्या खापरपणजोबांचे नाव, तेच आडनाव. दोन वर्षांनी आणखी एक मूल. मग एका मुलाचा मृत्यू.

पणजोबांना एक भाऊ होता. तो दुष्काळातून वाचला होता, गावी परतला होता, त्याचा संसार झाला होता. दोघे भाऊ ज्या अंतरावर राहिले आणि मेले, ते आज एस.टी.ने दोन-तीन तासांचे आहे. आजी तोवर वारली होती. तिला हे सांगता आले नाही, याची रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

गावाचा नकाशा मी त्यानंतर काढला, आणि खरे सांगायचे तर त्याने माझी निराशा केली. नंबरामागून नंबर तपासले, खातेदारांची यादी वाचली. आमच्या माणसांच्या नावे एक गुंठाही नव्हता. नकाशा जमीन असलेल्यांचा आहे, हे तेव्हा लख्ख समजले. गावठाणाच्या एका अंगाला वेगळी पडलेली वस्ती होती. आमचे लोक तेथले. मात्र हेही नोंदवले पाहिजे, की शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे दख्खनभर गावच्या महाराची साक्ष प्रमाण मानीत, कारण शिव कोठून जाते हे तोच पिढ्यान्‌पिढ्या चालून जाणत असे. साखळी घेऊन आलेल्या मोजणीदाराला शिवेचा दगड दाखवणारे पाय ज्यांचे होते, त्यांची नावे त्या नकाशाच्या कोणत्याही कोपऱ्यात नाहीत. तेव्हा ज्यांच्या पूर्वजांना जमीन नव्हती, अशा वाचकांनी खातेदारांच्या यादीत शोध संपवू नये. कोतवाल बुक, धर्मग्रामाची नोंदवही आणि घरातील म्हाताऱ्या माणसांची बडबड हे त्यांचे दप्तर आहे. नकाशाने या तिघांना एका जागी आणावे, इतकेच त्याचे काम.

गेल्या हिवाळ्यात मी वडिलांना घेऊन त्या गावी गेलो. खिशात गावनकाशाची नक्कल होती. गावात आता शहानूर धरणाचे नळाचे पाणी येते, पांदणीवर मुरूम पडला आहे. त्या घरातील माणसे भेटली. त्यांना आमचा पत्ता नव्हता, पण आजोबांचा एक भाऊ दुष्काळात कोणी ‘गोऱ्या बाबाने’ नेला, अशी गोष्ट त्यांच्याकडेही चालत आली होती. चहा झाला. मग त्यांच्यातल्या थोरल्याने आम्हांला नदीकडे नेले, पात्रातली एक खोलगट जागा दाखविली आणि झिरे येथे खोदत असत असे सांगितले. वडील पात्रात उतरले. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले आणि डाव्या हाताला पाहू लागले. धुके होते. आम्ही ऊन वर येईपर्यंत थांबलो.