टक लावून न बघणारं गाव
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑगस्ट १९४०चा शेवट होता. इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची रोजच जुंपत होती. ३१ ऑगस्टला टॉम ग्लीव्ह या स्क्वाड्रन लीडरचं हरिकेन विमान पेटलं. पॅराशूटच्या आधारानं तो जिवंत खाली उतरला, पण तोवर चेहरा, हात, पाय होरपळून निघाले होते. त्याची पत्नी रुग्णालयात आली, तेव्हा समोरचा माणूस आपला नवरा आहे हे ओळखू येण्यासारखं नव्हतं. तिनं रडण्याऐवजी विचारलं, की हे काय करून घेतलंस? त्यावर ग्लीव्हनं सांगितलं, की एका जर्मनाशी भांडण झालं. पुढे त्यानं आपल्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाचं नावही याच उत्तरावरून ठेवलं.

आता आपण कसे भेटायला जातो ते आठवून बघा. हातात शहाळं नाहीतर मोसंब्यांची पिशवी. दारातच चेहरा लांबवायचा. मग खाटेकडे न बघता सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणायचं, "आता बरंच बरं दिसतंय." त्यातून आपल्यापैकी एखादा हमखास सांगतो, की आमच्या शेजाऱ्यांना अस्संच झालं होतं, आणि त्या शेजाऱ्यांचं पुढे काय झालं हे आठवून मध्येच गप्प होतो. यात कुणाचं मन वाईट नसतं. फक्त कुठे बघावं आणि काय बोलावं हे कळत नाही. जबर जखमी झालेल्या माणसाला धीर कसा द्यायचा, हा प्रश्न इंग्लंडमधल्या एका छोट्या गावापुढे एकदम शेकड्यांनी येऊन पडला. त्या गावाची ही हकीगत.

गावाचं नाव ईस्ट ग्रिन्स्टेड. लंडनच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यात. तिथल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात १९३९ साली आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचे सर्जन दाखल झाले. मूळचे न्यूझीलंडचे, जन्म १९०० सालचा. गोल जाड चष्मा, आखूड बोटं, आवाजात हुकमत. युद्ध सुरू झालं तेव्हा पूर्णवेळ प्लास्टिक सर्जरी करणारे डॉक्टर साऱ्या ब्रिटनमध्ये अवघे चार होते. मॅकिंडो त्यांतले एक आणि त्यांचे नातलग हॅरॉल्ड गिलीज दुसरे.

हरिकेन आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांत पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच असे. ती पेटली की ज्वाळा थेट अंगावर. दृष्टी आणि स्पर्श मोकळा राहावा म्हणून कुणी गॉगल कपाळावर चढवलेला, कुणी हातमोजे काढलेले. काही सेकंदांत पापण्या, नाक, ओठ आणि बोटं जात. जेफ्री पेज हा वैमानिक १२ ऑगस्ट १९४० रोजी असाच जळत्या विमानातून समुद्रात पडला. रुग्णालयात त्याला कुणी आरसा देईना. शेवटी डोक्यावरच्या दिव्याच्या चकचकीत गोलात त्यानं आपला चेहरा पाहिला. त्याचं वय होतं वीस.

त्या काळी भाजलेल्या जागी टॅनिक ॲसिड लावत. त्यानं वर टणक कवच धरे, आणि ते आक्रसलं की बोटं वाकडी होत, पापण्या ओढल्या जात. मॅकिंडोंच्या ध्यानात आलं, की समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा इतरांपेक्षा बऱ्या भरतात. त्यांनी टॅनिक ॲसिड बंद करून मिठाच्या कोमट पाण्याचे टब सुरू केले. त्यानंतर शस्त्रक्रियांची मालिका. पोटाची किंवा खांद्याची कातडी सोडवून तिची नळी करायची, तिचं एक टोक मूळ जागीच जोडलेलं ठेवायचं, दुसरं टोक हळूहळू चेहऱ्यापर्यंत आणायचं, आणि तिथं रक्तपुरवठा रुजला की नाक घडवायचं. आठवडेच्या आठवडे माणूस हत्तीच्या सोंडेसारखी नळी चेहऱ्यावर वागवत फिरे. कुणाच्या दहा शस्त्रक्रिया झाल्या, कुणाच्या तिसाच्या आसपास.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याला येऊन मिळतो. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला बैल हाकणारा कैद झाला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं, आणि १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. ही पद्धत पुढे 'भारतीय पद्धत' याच नावानं ओळखली गेली. असो.

नाक घडवता येत होतं. अडचण पुढे होती. वीस-बावीस वर्षांचा देखणा पोरगा, ज्याच्याकडे कालपर्यंत मुली वळून बघत, तो आता हे तोंड घेऊन जगायला तयार होईल का? मॅकिंडोंचं मत असं, की यावर उपाय केला नाही तर आपली सगळी कारागिरी फुकट जाईल. मला या माणसाचं मोठेपण इथं वाटतं. रुग्णाला हसरं ठेवणं हे नातेवाइकांच्या मर्जीवर सोडून देण्याचं काम नाही, ते उपचाराइतकंच नीट योजून करावं लागतं, हे त्यांनी ओळखलं.

त्यांचा वॉर्ड क्रमांक ३ म्हणजे आवारातली एक लांबलचक लाकडी खोली. तिथं अधिकारी आणि साधे शिपाई शेजारीशेजारी झोपत. पियानो होता, रेडिओ होता, आणि कोपऱ्यात चक्क बिअरचं पिंप होतं. भाजलेल्या शरीराला भरपूर पाणी लागतं, तेव्हा बिअर पाणी घालून पातळ केलेली, हा त्यातला डॉक्टरी भाग! जखमी सैनिकांना त्या वेळी निळ्या रंगाचा ठरावीक पोशाख सक्तीचा असे. मॅकिंडोंनी तो आपल्या वॉर्डात चालू दिला नाही. पोरं आपापल्या हवाई दलाच्या गणवेशात वावरत. ज्याला बघायचं असेल त्याला दुसऱ्याची शस्त्रक्रिया आत उभं राहून बघता येई. आपलं पुढे काय होणार हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून कळण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी कळे.

आणि मग थट्टा. त्या थट्टेला मर्यादा नव्हती. २० जुलै १९४१च्या रविवारी सकाळी काही रुग्ण जमले. आदल्या रात्रीची पुरती उतरलेली नव्हती. त्यांनी एक मंडळ काढायचं ठरवलं आणि नाव ठेवलं 'गिनी पिग क्लब'. आपल्यावर प्रयोग चालले आहेत ना, मग आपण प्रयोगशाळेतले प्राणीच. अध्यक्ष अर्थातच मॅकिंडो. खजिनदार म्हणून पीटर वीक्सला निवडलं, कारण त्याचे पाय भाजलेले होते, म्हणजे पैसे घेऊन पळून जाण्याची भीती नाही. चिटणीस केलं बिल टॉवर्स-पर्किन्सला. त्याच्या हातांची अवस्था अशी, की लांबलचक इतिवृत्त लिहून तो कुणाला छळू शकणार नाही. वर उल्लेख आला तो टॉम ग्लीव्ह क्लबच्या धुरीणांपैकी एक. चर्चमधल्या एका स्तोत्राच्या चालीवर त्यांनी आपलं विनोदी गीतही रचलं होतं. युद्ध संपेपर्यंत सभासद झाले ६४९. त्यांत ब्रिटिश तर होतेच, शिवाय कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचीही मुलं होती.

बाहेरच्या माणसानं असा विनोद केला असता तर तो क्रूर ठरला असता. इथं तो करणाऱ्याचंही नाक अर्धंच तयार होतं. नव्यानं दाखल झालेल्या पोराला 'सगळं ठीक होईल' असं सांगणारे बरेच भेटत, पण सतरा शस्त्रक्रिया झालेला माणूस त्याच्या खाटेवर बसून सिगारेट पेटवून मागतो, यात जे सांगितलं जातं ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

वॉर्डाच्या दाराबाहेर मात्र गाव होतं. तिथं काय होणार? मॅकिंडो गावकऱ्यांशी जाऊन बोलले. माझी पोरं रस्त्यावर येतील, तुमच्या दुकानांत, पबमध्ये, सिनेमाला येतील. त्यांच्या तोंडाकडे सरळ बघून बोला, घरी चहाला बोलवा. आणि गावानं ते केलं. नेव्हिल आणि एलेन ब्लॉन्ड या सुखवस्तू जोडप्यानं आपल्या घराची दारं उघडली. साध्या घरांतही जेवणाची निमंत्रणं मिळू लागली. सोंडवाला माणूस काउंटरशी आला तरी पबवाला नेहमीसारखंच 'काय घेणार' म्हणून विचारी. टक लावून न बघणारं गाव, अशी ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख तेव्हापासूनची. हे वाटतं तितकं सोपं नसावं. टक लावणं टाळायला आपण नजर चुकवतो, आणि चुकवलेली नजर जखमी माणसाला आधी कळते.

या गावावरही युद्ध येऊन आदळलं. ९ जुलै १९४३ रोजी एका जर्मन विमानानं टाकलेले बॉम्ब तिथल्या व्हाइटहॉल सिनेमागृहावर पडले. आसपासची दुकानं धरून १०८ माणसं गेली. त्यांत सिनेमा बघायला आलेली लहान मुलं पुष्कळ होती. आतापर्यंत रुग्णांना सांभाळणाऱ्या गावातली माणसं त्या संध्याकाळी त्याच हॉस्पिटलात आणली गेली.

हे सगळं चित्र गोड करून सांगायची गरज नाही. वॉर्डातल्या मोकळेपणाची किंमत पुष्कळदा परिचारिकांनी मोजली. दारू प्यालेल्या पोरांचा आगाऊपणा त्यांनी हसून सोडून द्यावा अशी अपेक्षा असे, आणि त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला कुणी क्लब नव्हता. शिवाय थट्टामस्करीनं सगळेच सावरले असंही नाही. रिचर्ड हिलरी हा वैमानिक सप्टेंबर १९४०मध्ये भाजला. मॅकिंडोंच्या हाताखाली त्याच्यावर उपचार झाले, आणि १९४२ साली त्याचं 'द लास्ट एनिमी' हे पुस्तक गाजलं. तो बोचरं बोलणारा, एकटा राहणारा. त्याला पुन्हा उडायचंच होतं. हातांची बोटं नीट वळत नसताना तो परत दलात गेला आणि ८ जानेवारी १९४३च्या रात्री सरावाच्या उड्डाणात विमान कोसळून गेला. मित्र आपल्या माणसाला उभा करू शकतात, पण उभं राहून तो कुठे जाईल हे त्यांच्या हातात नसतं. जेफ्री पेजही परत उडाला, लढला, आणि २००० सालापर्यंत जगला.

युद्ध संपल्यावर पोरं पांगली, तरी क्लब मोडला नाही. दरवर्षी मंडळी ईस्ट ग्रिन्स्टेडला जमत. कुणाला नोकरी मिळवून देणं, कुणाच्या अडचणीला पैसे उभे करणं, ही कामं चालत. मॅकिंडो १९६० साली गेले. त्यानंतर एडिनबरोचे ड्यूक प्रिन्स फिलिप क्लबचे अध्यक्ष झाले.

गावाबाहेरचं जग मात्र तसंच राहिलं होतं. बिल फॉक्सली हा क्लबमधल्या सर्वांत जास्त भाजलेल्यांपैकी एक. तो नोकरीसाठी रोज रेल्वेनं लंडनला जाई. गाडी भरलेली असली तरी पुष्कळदा त्याच्या शेजारची जागा रिकामी राही. लोक उभ्यानं प्रवास करत. फॉक्सली २०१० साली वारला.

२००७ साली क्लबचा शेवटचा वार्षिक मेळावा झाला. सभासद ऐंशीच्या पुढे गेले होते, प्रवास झेपत नव्हता. २०१४ साली गावात मॅकिंडोंचा पुतळा उभा राहिला. तो घडवणारे मार्टिन जेनिंग्ज यांचे वडीलही महायुद्धात भाजलेले आणि मॅकिंडोंच्या हातून सावरलेले. पुतळ्यात एक तरुण वैमानिक खुर्चीवर बसला आहे, हातांची बोटं आखडलेली, मान वर वळवलेली. त्याच्या मागे उभे असलेल्या मॅकिंडोंचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर आहेत. भोवताली दगडाचा बाक आहे, गावातल्या कुणीही येऊन त्या पोराजवळ बसावं म्हणून.