तारांचे जाळे आणि संकेतांचे जाळे

महाविद्यालयात संगणकजाळ्यांचा पहिला अभ्यासक्रम शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला आरंभीच काही शब्द भेटतात: पत्ता, मार्ग, थर, पॅकेट, पोच. ते ऐकून त्याची अशी समजूत होते की, ही विद्या अगदी अलीकडे परदेशात जन्मली आणि आपल्याकडे सिद्ध स्वरूपात येऊन पोचली. यंत्रांपुरते हे खरे आहे. परंतु दूरच्या माणसाला निरोप कसा पोचवावा, तो वाटेत बिघडू नये म्हणून काय करावे आणि वाटच तुटली तर उपाय कोणता, हे प्रश्न फार जुने आहेत. काशीसारख्या एका नगरीच्या इतिहासात ते एकामागून एक उभे राहिलेले दिसतात.

महाराष्ट्राचे आणि काशीचे नाते पुरातन आहे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास गागाभट्ट काशीहून आले. पुढे पेशवाईत काशीयात्रेस निघालेला सधन गृहस्थ सारी रोकड बरोबर घेण्याचे साहस सहसा करीत नसे. पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरून तो हुंडी घेई आणि ती काशीच्या पेढीवर वटवी. येथे नाणी प्रवास करीत नव्हती. प्रवास करीत होता एक कागद. त्या कागदाला मोल होते ते दोन्ही पेढ्यांनी आधीच मान्य केलेल्या संकेतामुळे. दोन्ही टोकांना सारखाच ठाऊक असलेला असा नियम म्हणजेच आजच्या पाठ्यपुस्तकातला ‘प्रोटोकॉल’ होय.

दुसरा धडा काशीपासून जवळच असलेल्या चुनारच्या किल्ल्याशी निगडित आहे. १८१६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमपासून चुनारपर्यंत उंच मनोऱ्यांची रांग उभारण्याचे काम हाती घेतले. एका मनोऱ्यावरची खूण दुर्बिणीतून पाहावयाची आणि तीच आपल्या मनोऱ्यावरून पुढच्यास दाखवावयाची, अशी ही रीत. मधल्या पहारेकऱ्याला मजकूर कळण्याची आवश्यकता नव्हती. खूण बिनचूक पुढे गेली की त्याचे काम संपले. खूण वाहून नेणारा निराळा आणि तिचा अर्थ लावणारा निराळा, ही जी कामाची वाटणी, तिलाच आज ‘थर’ म्हणतात. परंतु धुके पडले की मनोरे आंधळे होत. थोड्याच वर्षांत ही योजना सोडून देण्यात आली. तिचे काही मनोरे बंगालमध्ये अजून उभे आहेत.

त्यानंतर विजेची तार आली. ओशॉनेसी या डॉक्टरच्या देखरेखीखाली कलकत्त्याहून काशीमार्गे आग्र्यापर्यंत तार टाकण्यात आली आणि २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला. १८५५ च्या फेब्रुवारीत ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. धुक्याची अडचण संपली, पण ओळ एकेरीच राहिली. १८५७ च्या उठावात शिपायांनी जागोजागी तारा तोडल्या, तेव्हा या एकेरीपणाची किंमत कंपनीला कळली. एक दुवा निखळला की साखळी निरुपयोगी होते.

या दुखण्यावर खरा उपाय निघण्यास शंभर वर्षे लागली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालावा आणि जो मार्ग मोकळा असेल त्याने ते सोडावेत. पलीकडे ते क्रमाने जुळवावेत. जो तुकडा पोचला नाही तो पुन्हा पाठवावा. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियात पहिला प्रयोग झाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवताना दोनच अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले. पण मार्ग सापडला होता.

तुकड्याला वाट कशी सापडते, हे काशीच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या पोस्टमनला विचारावे. तेथील घरक्रमांकाच्या आरंभी अक्षरे असतात. ‘सीके’ म्हणजे चौक, ‘डी’ म्हणजे दशाश्वमेध, ‘बी’ म्हणजे भेलूपूर. आधी भाग ओळखावयाचा, मग घर शोधावयाचे. संगणकाच्या पत्त्यातही पहिला अंश जाळ्याचा आणि उरलेला त्या यंत्राचा असतो. म्हणून वाटेवरच्या राउटरला जगातील प्रत्येक घर ठाऊक असावे लागत नाही. पुढचे वळण ठाऊक असले म्हणजे पुरे.

भारतात १९८६ साली ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू झाले. पवईची आय.आय.टी. आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात आरंभापासून होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. या जाळ्याचे नियम कोणासही वाचता येतात. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातला विद्यार्थी एकच कागद समोर ठेवून शिकतात. कंपनीच्या सांकेतिक खुणांना हे औदार्य ठाऊक नव्हते.

मात्र एक गोष्ट या विद्यार्थ्याने विसरू नये. वाटा अनेक असल्या तरी घरापर्यंत येणारे दार थोड्यांच्याच हाती असते. २०१७ साली केंद्र सरकारने दूरसंचार सेवा तात्पुरती थांबवण्याचे नियम केले, तेव्हा त्यांना आधार होता १८८५ च्या तार कायद्याचा. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी अनिश्चित काळ चालवता येणार नाही, असे सांगितले. २०२४ साली नवे नियम आले. अधिकार मात्र राहिला. १८५७ मध्ये तार तोडण्यास कुऱ्हाड लागली होती. आज एक हुकूम पुरतो. तेव्हा जाळे कसे चालते याबरोबरच ते कोणाच्या शब्दाने थांबते, हेही पहिल्याच वर्षी शिकवले पाहिजे. कारण जे जाळे उभयपक्षी मान्य झालेल्या संकेतांवर उभे राहिले, त्याची राखणही तशाच संकेतांनी व्हावयास हवी.