जुना ट्रॅक्टर, नवा बेलर आणि ताकदीचा पेच

१/९
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील अनेक शेतकऱ्यांपुढे एक पेच उभा राहिला. दारातील ट्रॅक्टर दहा वर्षांचा झालेला, पण धडधाकट. त्यामागे जोडायचे यंत्र मात्र नवे आणि खादाड : वाळलेल्या गवताच्या गाठी बांधणारा बेलर. नवा ट्रॅक्टर घेणे परवडत नव्हते. मग जुन्याच इंजिनाची ताकद वाढवली, तर काम भागणार होते का?

२/९
गवताचे काम थांबून राहत नाही. कापलेले गवत शेतात वाळते, रांगांमध्ये ओढले जाते आणि मग त्याच्या गाठी बांधल्या जातात. ओलसर गवत बांधले, तर बुरशी येते. गाठी आतून तापून कोठाराला आगही लागू शकते. वाळल्यावर पाऊस आला, तर चाऱ्याचा कस धुऊन जातो. हाती असतात ते उन्हाचे मोजके दिवस. वर्षभराचे दूध आणि जनावरांचे पोट त्या दिवसांवर अवलंबून.

३/९
पेन्सिल्व्हेनियातील एडविन नोल्ट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस असा बेलर घडवला, की तो चालता चालता गवत उचलून गाठ स्वतःच सुतळीने बांधे. १९४० मध्ये न्यू हॉलंड कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. सुरुवातीच्या बेलरवर स्वतंत्र इंजिन असे. पुढे ते वगळून ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, बेलर चालवण्याची रीत रूढ झाली. म्हणजे आता एकाच इंजिनाने ट्रॅक्टर, बेलर आणि पुष्कळदा गाठींनी लादलेली गाडीही ओढायची.

४/९
या काळाचा प्रातिनिधिक ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘फार्मॉल एम’. १९३९ ते १९५२ या काळात असे सुमारे २,७०,००० ट्रॅक्टर तयार झाले. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ३ पूर्णांक ७/८ इंच, पिस्टनची धाव सव्वापाच इंच. एकूण घनफळ सुमारे २४८ घनइंच. नांगरणीला उत्तम. दाट गवताच्या रांगेत मात्र त्याचा दम लागे.

५/९
त्या पिढीच्या अनेक इंजिनांची ताकद कमी असण्यामागे इंधनाचे कारण होते. केरोसीन आणि डिस्टिलेट ही इंधने स्वस्त, पण जास्त दाबाखाली ती अवेळी पेट घेत आणि इंजिन ठोके देई. म्हणून कम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले असे. १९३५ चा ‘ऑलिव्हर ७०’ हा चांगल्या पेट्रोलसाठी आखलेला ट्रॅक्टर होता. त्याच्या नावातील आकडाच ७० ऑक्टेनचा. युद्धानंतर पेट्रोल सर्रास वापरात आले आणि जुन्या इंजिनांत दडलेली ताकद बाहेर काढणे शक्य झाले.

६/९
उपाय दोन. पहिला, उंच माथ्याचे पिस्टन. डोंगराळ भागातील विरळ हवेसाठी कारखानेच असे पिस्टन देत. सपाटीवरच्या शेतकऱ्यांनी ते आपल्या इंजिनांत बसवले. दुसरा, सिलिंडरचा व्यास वाढवणे. फार्मॉलचे लायनर बदलता येत असल्याने हे काम सोपे होते. इलिनॉयमधील अँकर येथील एम अँड डब्ल्यू गिअर कंपनी मोठे पिस्टन आणि लायनर विके. अर्थात, वाढलेल्या ताकदीबरोबर उष्णता वाढे आणि बेअरिंग, क्लच व गिअरपेटीवरचा ताणही.

७/९
पण खरी अडचण इंजिनाबाहेर होती. फार्मॉल एमचा पीटीओ गिअरपेटीतून फिरे. दाट रांग आली, की चालकाला ट्रॅक्टर थांबवून बेलरला आतला घास संपवू द्यायचा असे. पण क्लच दाबताच चाकांबरोबर बेलरकडे जाणारी ताकदही तुटे. तोंडात गवत कोंबलेला बेलर तिथेच अडे आणि ते हाताने उपसावे लागे. कधी उलटेच होई : बेलरच्या जड चक्राचा वेग गिअरपेटीत परत येऊन क्लच दाबलेल्या ट्रॅक्टरलाच पुढे ढकली. दहा अश्वशक्ती वाढवूनही हा दोष तसाच राहणार होता.

८/९
उत्तर होते ‘लाइव्ह’ पीटीओ : चाके थांबली तरी फिरत राहणारा दांडा. कॅनडातील ब्रँटफर्डच्या कॉकशट कंपनीने १९४६ च्या सुमारास ‘कॉकशट ३०’ या ट्रॅक्टरमध्ये तो दिला. जुन्या फार्मॉलच्या मालकांसाठी एम अँड डब्ल्यूने स्वतंत्र हातक्लचही बाजारात आणला. तो ओढला, की चाके थांबत. बेलर मात्र चालत राही.

९/९
या दोन्ही उणिवा अखेर मूळ कारखान्यानेच भरून काढल्या. १९५२ च्या ‘सुपर एम’मध्ये सिलिंडर चार इंचांचा झाला आणि घनफळ २६४ घनइंचांवर गेले. १९५४ च्या ‘सुपर एम-टीए’मध्ये स्वतंत्र पीटीओ आला, शिवाय न थांबता वेग सुमारे एक-तृतीयांश कमी करण्याची सोयही. पहिल्या बदलाने अश्वशक्ती वाढली. दुसऱ्याने ती ताकद हवी तेव्हा, हवी तिथे पोहोचू लागली. पाऊस येण्याआधी शेत रिकामे करायचे, तर दुसऱ्यावाचून पहिल्याचा उपयोग अर्धाच होता. म्हणून त्या काळातील ट्रॅक्टरचा इतिहास वाचताना अश्वशक्तीच्या आकड्याशेजारी आणखी एक प्रश्न मांडावा : क्लच दाबल्यावर मागचे यंत्र चालू राहत होते का?