भयपटाची झलक

भूत दाखविले की प्रेक्षक भितो, हा समज भयपटांच्या झलकेने, म्हणजे ट्रेलरने, केव्हाच खोटा ठरविला आहे. तिचा सारा व्यापार लपविण्यावर चालतो.

ही युक्ती आपल्याकडे आधी गाण्यात आली. १९४९ साली बॉम्बे टॉकीजने कमाल अमरोहींचा ‘महल’ काढला. त्यातील गूढ गीताचा स्वर दुरून जवळ येत आहे असे भासावे, म्हणून लता मंगेशकर गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. आजच्या झलकेत बंद दाराआडची पावले तेच काम करतात.

१९६० च्या ‘सायको’ची झलक तर सुमारे साडेसहा मिनिटांची! दिग्दर्शक हिचकॉक स्वतः रिकाम्या घरातून हिंडतात, जिन्याकडे बोट दाखवितात, सांगता सांगता मध्येच थांबतात. शेवटी न्हाणीघरातला पडदा ओढताच किंकाळी उठते. गंमत अशी, की किंचाळणारी ती स्त्री चित्रपटातील बळी जेनेट ली नव्हेच. ती व्हेरा माइल्स.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’च्या (२०१८) झलकेत पाऊस आणि अंधारा वाडा यांनीच निम्मे काम केले आहे. इतरत्र मात्र एकच ठराविक क्रम आढळतो: शांतता, काळा पडदा, मग धडाका. माझ्या मते हा आळस होय. भांडे पडले तरी माणूस दचकतोच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावी काय किंवा मुंबईस काय, झलक आता वीतभर फोनवर पाहिली जाते. सारा भार ध्वनीवर पडतो. पुढची झलक आपण एकदा डोळे मिटून ऐकावी.