हळदीतल्या बेंजोचं माहेर

जुनी बास गिटार विकत घेणारा जाणकार आधी स्क्रू काढून आत डोकावतो. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. त्या घराण्याच्या गिटारवर कुठे ना कुठे जन्मखूण असतेच. मानेच्या टोकाला पेन्सिलीने टाकलेली तारीख, प्लेटवरचा अनुक्रमांक, आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटवर ठोकलेले आकडे. आकडे 304 ने सुरू झाले तर पॉट स्टॅकपोल कंपनीचा, 137 ने झाले तर सीटीएसचा. पुढे वर्ष आणि आठवडा. 304 6320 म्हणजे 1963 सालचा विसावा आठवडा. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची असणं शक्य नाही.

आता कल्याण-डोंबिवलीच्या आसपास हळदीच्या सुपाऱ्या घेणाऱ्या एखाद्या पार्टीकडचा जुना बेंजो असाच उघडून बघावा. अनुक्रमांक नाही, तारीख नाही, बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नावही नाही. भुसा, सोल्डरचे ठिपके आणि तीन वेळा बदललेली वायर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ब्रास बँडचा ट्रम्पेट मेरठच्या जली कोठीतून आला असेल, हे बँडवाला डोळे मिटून सांगतो. आगरी-कोळी हळदीत पहाटेपर्यंत नाचवणाऱ्या, गोविंदात आणि विसर्जनात टेम्पोवर चढणाऱ्या या वाद्याचं कूळ मात्र कुणी विचारलेलं नाही. 2016 मध्ये रवी जाधवांनी त्याच्या नावाचा हिंदी सिनेमा काढला, त्यानंतरही नाही.

नावावरून शोधायला जावं तर वाट चुकते. अमेरिकेतला बेंजो म्हणजे गोल, कातडं ताणलेला, आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वाद्यांवरून घडलेला. ठाण्यातला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि तारांवर बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पिकने तार छेडायची. बटणाखालची धातूची पट्टी तारेला पडद्यावर दाबते आणि स्वर बदलतो. बोटाने तार दाबायची कटकट नाही. दोन्ही वाद्यांत तारा सोडल्या तर सारखं काही नाही.

खरा धागा त्या बटणांत आहे. जुन्या बेंजोची बटणं गोल, टोपीसारखी असतात, दांडीवर उभी. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या माणसाला ती बघताक्षणी ओळखू येतात. हा योगायोग नव्हे. जपानमधल्या नागोया शहरात, ओसू भागात राहणाऱ्या मोरिता गोरो नावाच्या कलावंताने 1912 मध्ये हे वाद्य बनवलं. परदेशी हिंडून आलेल्या या माणसाने निगेनकिन हे जुनं दोन तारांचं जपानी वाद्य घेतलं आणि त्यावर टाइपरायटरसारखी बटणं बसवली, असं सांगितलं जातं. त्याच वर्षी 30 जुलैला सम्राट मेइजी वारला आणि तैशो युग सुरू झालं. म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. नागोया तोवर व्हायोलिनचं गाव झालंच होतं. सुझुकी मासाकिचीचा कारखाना तिथलाच. लाकूड, तारा, कारागीर सगळं जागेवर.

जपानी वाद्याच्या बटणांवर 1 ते 7 आकडे असतात, खालच्या-वरच्या सप्तकासाठी टिंबं. ही आकड्यांची पद्धतही जपानी नाही. स्वरांना आकडे द्यावेत ही सूचना रूसोने 1742 मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडली होती. पुढे फ्रेंच शिक्षकांनी ती घासूनपुसून शाळांत नेली आणि मेइजी काळात ती जपानला पोचली. म्हणजे फ्रेंच आकडे, अमेरिकी टाइपरायटर आणि जपानी तारा. त्यावर हळदीची गाणी वाजतात ठाण्यात, आणि कुणाला काही खटकत नाही.

नागोयाचा हा माल इथे आला कसा, यावर भांडण आहे. सगळ्यांत लाडकी गोष्ट खलाशाची. कराचीच्या बंदरात जपानी खलाशी उतरले, त्यांच्याजवळचं खेळणंवजा वाद्य बलुची वादकांनी उचललं, मोठं केलं, त्याला भरदार आवाज दिला आणि नाव पडलं ‘बेंजू’. यातला उत्तरार्ध पक्का खरा आहे. बलुची बेंजू आज जवळपास मीटरभर लांबीचा असतो आणि बिलावल बेल्जियमसारख्या उस्तादाने त्याला मैफलीच्या बैठकीवर नेऊन बसवलं.

पूर्वार्धावर मात्र भरवसा ठेवणं कठीण आहे. खलाशाची गोष्ट प्रत्येक बंदरात सापडते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या तारब संगीतात हेच वाद्य ‘तैशोकोतो’ म्हणून वाजतं. मालदीवमध्ये वाजतं, बालीतही त्याचा भाऊबंद आहे. इतक्या बंदरांत एकेका खलाशाने एकेक वाद्य विसरून जायचं आणि त्यातून गावोगाव वादक तयार व्हायचे, हे गोष्टीत शोभतं. एका वाद्यावरून एक वादक होतो. बाजार उभा राहायला पेट्या भरभरून माल यावा लागतो.

पेट्यांची वाट ठाऊक आहे. 1893 मध्ये निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने कोबे-मुंबई बोटसेवा सुरू केली, ती जमशेटजी टाटांच्या साथीने. जाताना बोटी भरायच्या त्या कापसाने, ओसाकाच्या गिरण्यांसाठी. आपल्याच वऱ्हाड-खानदेशाचा कापूस त्यात असणार. येताना रिकामं कोण येईल? पहिल्या महायुद्धात युरोपचा माल अडला आणि जपानी काड्यापेट्या, बांगड्या, छत्र्या, खेळणी यांनी इथला बाजार भरून गेला. तैशोगोतो जन्मलं त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. स्वस्त, हलकं, तासाभरात ओळखीची चाल निघेल असं वाद्य त्या मालात नसतं तरच नवल. मशीद बंदरच्या एखाद्या व्यापाऱ्याने ‘जपानी बेंजो’ म्हणून ते खपवलं असेल, हा अंदाज आहे, पण पैज लावण्याजोगा. दक्षिणेत आणि श्रीलंकेत त्याला ‘जपान बेंजो’ म्हणतात, ते काही उगाच नाही. गिऱ्हाइकाला निगेनकिन समजावत बसण्यापेक्षा ऐकलेलं विलायती नाव सांगणं सोपं.

कराचीवाल्यांचं काय मग? त्यांचा दावा खोडायची गरजच पडत नाही, कारण 1 एप्रिल 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. ठाणे जिल्हा आणि कराची एकाच सरकारच्या कागदावर, दोन्हीकडचा व्यापार एकाच किनाऱ्याच्या बोटींवर. कराचीच्या ल्यारी भागातला बेंजू आणि आपल्या हळदीतला बेंजो यांच्या नावात एका स्वराचा फरक आहे, आणि तो उच्चाराचा. उत्तरेत याच वाद्याला बुलबुल तरंग म्हणतात. पंजाबातून खाली आलं असतं तर तेच नाव ठाण्यात रुळलं असतं. इथल्या वादकाला बुलबुल तरंग म्हणा, तो तोंडाकडे बघत राहील.

इथे आल्यावर मात्र त्याचं रूप पालटलं. मोरिताच्या वाद्यात मूळ दोन तारा. आपल्याकडे षड्ज सतत वाजत राहिल्याशिवाय कानाला चैन पडत नाही, म्हणून चालीच्या तारांशेजारी सुटय़ा तारांचा जुडगा आला. डझनाहून जास्त तारांचे बेंजोही मिळतात. मग आला पिकअप. ढोल, ताशा आणि जनरेटर यांच्यापुढे पेटीचा मूळ आवाज कुठे पुरणार? गिटारचा पिकअप तारांखाली बसवला, वायर अँप्लिफायरला जोडली आणि दिवाणखान्यातलं वाद्य रस्त्यावरचं झालं. डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, 1999 पासून, मान ढोल-ताशाला. बेंजोला तिथे कुणी बोलावत नाही. ही उच्चभ्रूपणाची खोड आहे, संगीताचा निकाल नव्हे.

तेव्हा वय काढायचं ते असं. पिकअप आणि पॉट यांवर जाऊ नये; ते नंतरचे, पेटीचं वय ते सांगत नाहीत. स्क्रू बघावेत. एका चिरेचा स्क्रू कुठल्याही काळातला असू शकतो, पण चार पाकळ्यांच्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट 1936 चं. तो मूळ भोकात, मूळ गंजासकट बसलेला असेल तर वाद्य त्याआधीचं नाही. भोक मोठं करून घातलेला असेल तर ती फक्त दुरुस्ती. बटणं गोल की पियानोसारखी चपटी, हे बघावं. चपटी बहुधा अलीकडची. आत जपानी अक्षरांची चिठ्ठी असेल तर डिसेंबर 1941 लक्षात ठेवावा. तेव्हा जपानशी युद्ध जुंपलं आणि आयात बंद पडली. चिठ्ठीवर इंग्रजीत ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर वाद्य महायुद्धानंतरचं आणि एप्रिल 1952 च्या आधीचं, कारण तेव्हा जपानवरचा ताबा उठला. आकड्यांची बटणं आणि दोनतीनच तारा असतील तर नागोयाचा संशय घ्यावा. सुटय़ा तारांच्या खुंट्या पेटीबरोबरच बसवलेल्या असतील तर ते इथल्या कारागिराचं काम.

ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याणच्या माळ्यांवर असे बेंजो अजून पडून असतील. कुणाकडे असेल तर भंगारात देण्याआधी किंवा पॉलिशला टाकण्याआधी मागची फळी उघडा, आतल्या चिठ्ठीचा, स्क्रूंचा आणि बटणांवरच्या आकड्यांचा फोटो काढा. चिठ्ठी खरवडू नका.