काळ्या पट्टीचा डिंक

ठाण्यातल्या एका सोसायटीत बीमखाली बळकटीसाठी कार्बनच्या पट्ट्या चिकटवत होतो. मे महिना. कालवलेली इपॉक्सी डब्यातच तापली, धूर सोडून दगड झाली. शेजारी उभे असलेले सेक्रेटरीकाका म्हणाले, "मॅडम, हा डिंक आपला आपणच तापतोय. घराला आग लागली तर?" बावीस वर्षांत एकाही इंजिनिअरने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

त्या प्रश्नावर फ्रान्समध्ये कधीच काम सुरू झालं होतं. 1 नोव्हेंबर 1970 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ग्रेनोबलजवळच्या एका गावातलं नाचघर पेटलं. आतली सजावट पॉलियुरेथेनची. 146 जण गेले, बहुतेक कोवळ्या वयाचे. अशा आगी लागोपाठ लागत होत्या. जोझेफ दाव्हिदोव्हित्स हा मुळात प्लास्टिकच्या रसायनातला माणूस. न जळणारं प्लास्टिक शोधायचं म्हणून त्याने 1972 मध्ये स्वतःची प्रयोगशाळा थाटली. पुढच्याच फेब्रुवारीत पॅरिसमधली एक शाळा जळाली. 20 मृत्यू, त्यात 16 मुलं.

दाव्हिदोव्हित्सच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. बेकेलाइट ज्या उष्णतेला प्रेसमध्ये घट्ट होतं, साधारण त्याच उष्णतेला चिनी माती आणि कॉस्टिक सोडाही जुळून घट्ट होतात. पहिला माल अगदी घरगुती निघाला: भुशाचा बोर्ड, वर या मातीचा थर, दोन्ही एकाच दाबात. जिओपॉलिमर हे भारदस्त नाव मागाहून आलं.

आमची पट्टी आली स्वित्झर्लंडमधून. ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नल बसवताना कुणीतरी भोक पाडलं आणि आतली ताणलेली केबल दुखावली. 1991 मध्ये तो पूल 6.2 किलो कार्बनपट्ट्यांनी सावरला. पोलाद 175 किलो लागलं असतं. सगळ्यांचे डोळे वजनावर. धागा आग सोसतो, पण नेहमीची इपॉक्सी 60 ते 80 अंशांनाच मऊ पडते, आणि मग पट्टी नुसती लोंबते.

दोन्ही वाटा 1997 च्या सुमारास अमेरिकेत मिळाल्या. विमानाच्या केबिनसाठी कार्बनचं कापड जिओपॉलिमरच्या खनिज डिंकात भिजवून तापवलं. ते पेटलं नाही, धूरही नाही. मोठ्या आगीइतका ताप दिल्यावरही वाक सोसण्याची 63 टक्के ताकद शिल्लक होती. रटगर्स विद्यापीठात बालगुरू आणि सहकाऱ्यांनी तोच डिंक वापरून काँक्रीटच्या बीमला पट्ट्या चिकटवून पाहिल्या. डिंक ठिसूळ, तेवढं खरं.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. पट्टीवर जाड अग्निरोधक प्लास्टर करून दिलं. तुमच्या इमारतीत काळी पट्टी लागणार असेल, तर कंत्राटदाराला आधी विचारा: डिंक किती अंशांना मऊ पडतो?